खडकदरीचा जाळपट्टा

लिंबाजीचा पाय माघातल्या अमावस्येला मोडला. बंदीतल्या, म्हणजे सरकारनं बंद केलेल्या डोंगरावरच्या, ओढ्यात दोन म्हशी शिरल्या होत्या. त्यांना हुसकायला तो दगडांवरून पळत गेला, शेवाळावर टाच सरकली आणि तो नडगीवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. म्हशी त्याच्या धाकट्या भावाच्या, मुंजाजीच्या होत्या. लिंबाजी ओरडत राहिला आणि म्हशी पाण्यात निवांत बसून राहिल्या. दुपारी त्याची बायको कडूबाई भाकरी घेऊन वर आली, तेव्हा तिला तो सापडला. तिनं त्याला पाठुंगळी घेतलं आणि चार ठिकाणी टेकत टेकत टेकडी उतरून घरी आणलं.

हाडं बसवणाऱ्यानं कळकाच्या कामट्या घट्ट बांधल्या आणि दोन महिने पाय भुईला लावायचा नाही म्हणून बजावलं. दोन महिने म्हणजे चैत्र उलटून जाणार होता. आणि डोंगराच्या कडेचा जाळपट्टा तर फाल्गुनातच व्हायला हवा होता.

खडकदरी हे जिंतूर तालुक्यातलं, डोंगराच्या पोटाशी बसलेलं गाव. गावामागचा डोंगर निजाम सरकारच्या जंगल महकम्यानं तीन वर्षांपूर्वी बंद केला होता. चराई बंद, तोड बंद, शिकार बंद, आणि उन्हाळ्यात डोंगर पेटवायची जुनी रीत, तीही बंद. चावडीवर हुकूम वाचून दाखवला, हद्दीवर चुना लावलेले दगड रोवले आणि लिंबाजीला बिल्ला देऊन चौकीदार केलं. लिंबाजीला जमीन नव्हती. त्याच्या बापानं पाटलाच्या घरी सालं घातली, त्यानंही घातली होती. बिल्ला मिळाला तेव्हा त्याला वाटलं, पाटलाच्या गोठ्यातून सुटलो. पण गाव त्या डोंगराला बंदी म्हणू लागलं आणि त्याच्या घराशी बोलेनासं झालं. ज्याची ज्याची जनावरं त्यानं कोंडवाड्यात घातली त्यांनी तर त्याच्या दारावरून जायचंही सोडलं. त्यात मुंजाजी होता.

पहिल्या वर्षी कडूबाईलाही बंदीचा राग आला होता. मागच्या दारातून दिसणारं सरपण सोडून तिला कोसभर लांब पूर्णा नदीच्या काठाला जावं लागे. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात गवत कमरेला लागलं. नुसत्या खुंटांना अंजनाची, धावड्याची कोवळी फूट आली. शिमग्याच्या आधीच आटणारा ओढा चैत्र सरला तरी वाहत राहिला. कुठून कोण जाणे, काळविटांचा एक कळप येऊन राहिला. एकदा भाकरी घेऊन जाताना गवतात निजलेलं पाडस तिच्या पावलापासून हातभर लांब होतं आणि हललंसुद्धा नाही. ती तशीच मागं सरली. त्या दिवसापासून ती बंदीला नावं ठेवीनाशी झाली. घरात कुणाला तिनं हे सांगितलं मात्र नाही.

जाळपट्टा म्हणजे बंदीच्या कडेनं पंधरा हात रुंदीचं गवत कापायचं, ते जागीच जाळायचं आणि भुई उघडी करून टाकायची, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. दोन बाजूंना खडकाचे कडे होते, तिथं काम नव्हतं. गायरानाच्या अंगाला पाऊण कोस आणि दक्षिणेला शेजारच्या गावाच्या शिवारालगत त्याच्या निम्मं, एवढं करायचं होतं. आधीच्या दोन वर्षी जिंतूरहून दारोगानं माणसं धाडली होती. या वर्षी निरोप आला की माणसं दुसऱ्या जंगलात गुंतली आहेत, चौकीदारानं गावातून मजूर लावून काम उरकावं.

गावातून एकही माणूस आला नाही. कडूबाई सात घरी जाऊन आली. कुणी ज्वारीची काढणी सांगितली, कुणी नुसतं आत निघून गेलं. शेवटी ती चावडीवर गेली.

आबासाहेब, गावचा वसूल सांभाळणारा माली पाटील, ओट्यावर बसला होता. साठीचा, जाड भुवयांचा, स्वतःची चाळीस जनावरं असलेला माणूस. तो वाईट नव्हता. माळ पेटवला की पहिल्या पाण्याला गवत जोमानं फुटतं, हे त्यानं आपल्या बापाकडून ऐकलं होतं आणि जन्मभर पाहिलं होतं. डोंगर सरकारनं घेतला, पण डोंगराखालचं गायरान अजून गावाचं होतं. ते पेटवायला कुणाची आडकाठी नव्हती. कडूबाईनं पदर सावरून विचारलं की गायरान कधी पेटवणार.

पाटलानं उत्तर दिलं ते तिच्याकडं न बघता, शेजारी बसलेल्या माणिकराव पटवाऱ्याला. "रंगपंचमीला पेटवायलाव म्हनावं."

तिनं आठ दिवस मागितले. घरचा माणूस पडून आहे, पट्टा एकटीला करायचा आहे, पंचमीनंतर आठ दिवसांनी पेटवलं तर उपकार होतील, असं ती म्हणाली. पाटील तरीही पटवाऱ्याशीच बोलला.

"चौकीदाराच्या घरात आता बाया सरकारी काम करायल्यात व्हय? करू द्या. पंचमी म्हंजे पंचमी."

ओट्यावरची माणसं हसली. मुंजाजी खांबाला टेकून उभा होता. तो हसला नाही, पण त्यानं मानही वर केली नाही. तो पाटलाचा सालगडी होता.

घरी येऊन तिनं हिशेब केला. पंचमीला अठरा दिवस होते. जाळायला चार दिवस सोडून रोज दीडशे पावलं कापली तर गायरानाची बाजू होत होती. दक्षिणेचं पुढं बघता येईल. लिंबाजी म्हणाला की दारोगाला निरोप धाडू, बिल्ला परत देऊ. त्याची आई दगडाबाई चुलीपुढं बसली होती. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. तीही म्हणाली, या डोंगरापायी घर गावातून तुटलं, आता पाय मोडला, सोडा तो डोंगर.

"सोडून पाटलाच्या दारात जायचं?" कडूबाईनं विचारलं. तिनं आढ्याचे दोन्ही विळे काढले आणि धार लावायला नवऱ्यापुढं ठेवले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत ती चुन्याच्या पहिल्या दगडापाशी उभी होती. फाल्गुनातलं गवत म्हणजे तारेसारखं चिवट. मूठ धरावी तर पात्यानं तळवा चिरतो, कुसळं लुगड्यातून मांडीपर्यंत जातात. तिनं पायाला चिंध्या गुंडाळल्या. वाकून पंधरा हात आडवं कापत जायचं, एक पाऊल पुढं सरायचं, पुन्हा पंधरा हात. दुपारपर्यंत पन्नास पावलंही झाली नाहीत. दुपारी भाकरी खाल्ली ती उभ्यानं, कारण बसली असती तर कंबर पुन्हा उठली नसती. दिवस मावळताना तिनं पावलं मोजली, नव्वद भरली. जिथं थांबली तिथं झुडपाला चिंधी बांधली आणि खाली आली.

दुसऱ्या दिवशी एकशे दहा झाली. तिसऱ्या दिवशी तळहाताचे फोड फुटले, तर तिनं हळद आणि तेल लावून वर कापड बांधलं. चौथ्या दिवशी गावातल्या बाया गायरानात गोवऱ्या वेचायला आल्या होत्या. त्या एकीकडं उभ्या राहून बघत होत्या. एक जण मोठ्यानं म्हणाली की आता बाईच्या लुगड्यावर बिल्ला लागणार. कडूबाई कापत राहिली. पाचव्या दिवशी पहिल्यांदा दीडशे भरली.

घरी लिंबाजी रोज एक विळा घासून ठेवी. विळ्याची धार अंगठ्यावर बघताना त्याचे डोळे भरत आणि तो तोंड भिंतीकडं करी. एका संध्याकाळी त्यानं तिचे तळवे हातात घेतले, बराच वेळ बघितले आणि विचारलं की हद्दीवरच्या दगडी खोऱ्यात विळा चालत नाही, तिथलं गवत कसं कापलंस. ती म्हणाली, बसून, खुरप्यानं. मग त्यानं तिला सांगितलं की पट्टा जाळताना सकाळचं दव असावं, वारा नसावा आणि आग आतल्या कडेपासून लावत बाहेर न्यावी. दोन वर्षांत तो जे शिकला होता ते सगळं त्यानं त्या संध्याकाळी सांगून टाकलं.

सातव्या दिवशी दगडाबाई काठी टेकत एकटीच वर आली. सून काही बोलायच्या आत तिनं दाताळं घेतलं आणि कापलेलं गवत पट्ट्याच्या मधोमध ओढायला लागली. एका डोळ्यानं तिला उंच-सखल नीट कळत नव्हतं. ती दोनदा पडली. दोन्ही वेळा स्वतःच उठली.

"आत्याबाई, घरी जावा," कडूबाई म्हणाली.

"घरी बसून काय, तुझ्या नावानं बोटं मोडू? ते झालं मोडून," म्हातारी म्हणाली आणि ओढत राहिली.

बाराव्या दिवशी विळा एका बोरीच्या झुडपापाशी गेला आणि बुंध्यापासून एक तित्तर फडफडत उडालं. कडूबाईनं फांदी बाजूला केली. गवताच्या खळग्यात सात अंडी होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. ती उकिडवी बसून राहिली. झुडूप अगदी पट्ट्याच्या मधोमध होतं. बाहेर सरकावं तर गावाचं गायरान, तिथं पाटील तिला एक काडी तोडू देणार नव्हता. आत सरकावं तर हद्दीचा दगड हलवल्यासारखं. तिनं झुडपाभोवतीचं गवत काढलं, पण झुडूप आणि त्याच्या पाठीमागची गवताची पट्टी तशीच ठेवली. तिथं पट्टा पंधरा हातांचा सहा हात राहिला. सासूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, जीव वाचवायला सरकारनं डोंगर बंद केला, आणि आपणच कसा घ्यायचा. म्हातारीला ते पटलं. पुढं सरकताना कडूबाईच्या मनात एकदा आलं की हे बरोबर नाही. पण अजून चारशे पावलं राहिली होती.

कापणी पंचमीच्या चार दिवस आधी संपली. जाळायला मात्र चार माणसं तरी लागतात, एक लावायला आणि तीन जण ओल्या फांद्या घेऊन कडेला. ती आणि म्हातारी दोघीच होत्या.

ओढ्याच्या खालच्या अंगाला भागम्माचा मळा होता. भागम्मा लिंगायत वाण्याच्या घरची विधवा, गावात तिचं किराण्याचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं नेमकं. कडूबाई दुकानात मीठ घ्यायला गेली तेव्हा भागम्मानं तिच्या हातांकडं बघितलं आणि पट्टा कधी जाळणार ते विचारलं. माणसं नाहीत, कडूबाईनं सांगितलं.

भागम्मानं मीठ मोजून पुडी बांधली. मग म्हणाली, "माझ्या विहिरीला आधी शिमग्यालाच तळ दिसायचा. आता दोन वर्षं चैत्रातबी मोट चालायलीय. गाव काय म्हनंल ते म्हनंल. मी येते."

दुसऱ्या दिवशी पहाटेला ती आली. बैलगाडीत पाण्याचे चार घडे आणि भिजवलेली गोणपाटं होती. लिंबाजीही आला. त्यानं बाभळीच्या फांदीची कुबडी करून घेतली होती. भागम्मानं त्याला गाडीतून आणलं. तो एका दगडावर बसून सांगत होता आणि तिघी बाया करत होत्या. दव होतं, वारा नव्हता. कापलेलं गवत हलक्या, पांढऱ्या धुरानं जळत गेलं. तीन सकाळी तसं चाललं. बोरीच्या झुडपाभोवती त्यांनी आग लावली नाही. लिंबाजीनं ते बघितलं, बायकोकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण ती तिथं काय राखत होती ते त्याला दिसत होतं. त्यानं हातानं पुढचं गवत दाखवलं.

पंचमीला पाटलानं सांगितल्याप्रमाणे केलं. दुपार टळायच्या सुमाराला दहा-बारा माणसं पलिते घेऊन गायरानाच्या पश्चिमेला उभी राहिली. सगळ्यात पुढं मुंजाजी होता. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कडूबाई, भागम्मा, दगडाबाई आणि कुबडीवर लिंबाजी, पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन.

सुरुवातीला वारा पडलेला होता. मग तो पश्चिमेकडून उठला आणि आगीला पाय फुटले. गवत सुसाट आवाज करत पेटत आलं. आगीपुढं ससे पळाले, टोळ उडाले, वरून घारी झेपा टाकायला लागल्या. उष्णतेनं तोंड भाजत होतं. आग पट्ट्याला येऊन भिडली आणि काळ्या भुईवर तिला खायला काही मिळालं नाही. ती जागेवर उभी राहिली, खाली बसली, विझत गेली. पाऊण कोसभर ती अशीच विझत गेली.

बोरीच्या झुडपापाशी ती विझली नाही. झुडपानं पेट घेतला, ज्वाळा माणसाच्या दीडपट उंच गेली आणि मागच्या गवताच्या पट्टीवरून आग आत उतरली.

कडूबाई धावली. तिला कळलं की समोरून ही आग मारता येणार नाही. डाव्या हाताला ओढ्याची दगडी पन्हळ होती, शंभर पावलांवर. आग उजवीकडं पसरू दिली नाही तर ती ओढ्यावर जाऊन अडणार होती. तिनं भागम्माला ओरडून उजवी कड धरायला सांगितली आणि स्वतः तिच्यापुढं जाऊन फांदी आपटत राहिली. फांदीची पानं जळाली, तिनं गोणपाट घेतलं. गोणपाट वाळलं, म्हातारीनं घड्यातलं पाणी त्यावर ओतलं. लिंबाजी कुबडी टाकून बुडावर सरकत सरकत मागची धग विझवत होता. त्याच्या कामट्या एकदा पेटल्या, त्या त्यानं हातानं चोळून विझवल्या.

पलीकडं, जळालेल्या गायरानात, माणसं उभी राहून बघत होती. मुंजाजीच्या हातात विझलेला पलिता होता. तो दोन पावलं पुढं आला. पाटलानं काहीतरी म्हटलं आणि तो थांबला.

आग ओढ्यावर जाऊन अडली. दोन एकरांचा तुकडा काळा झाला. बाकी सगळा डोंगर उभा राहिला. कडूबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ती आधी झुडपाच्या जागी गेली. तिथं राख होती आणि राखेत सात काळी, तडकलेली कवचं. तिनं ती पायानं झाकली नाहीत की उचलली नाहीत. नुसती बघितली आणि खाली उतरली.

चार दिवसांनी जिंतूरहून दारोगा आला. व्यंकटराव त्याचं नाव, घोड्यावर बसणारा, चष्मा लावणारा माणूस. आदल्या संध्याकाळी लिंबाजीनं घरात ठरवलं होतं की ठिणगी वाऱ्यानं उडून आली असं सांगायचं. वारा होताच, खोटंही नव्हतं. कडूबाईनं ऐकून घेतलं होतं, पण मान डोलावली नव्हती.

दारोगा पट्ट्यावरून पायी चालला. बरोबर पंचनाम्याला म्हणून पाटील आणि त्याची माणसं होती. जळालेल्या तुकड्यापाशी दारोगानं थांबून विचारलं की हे कसं झालं आणि गायरान कुणी पेटवलं. पलिता कुणाच्या हातात होता? मुंजाजीनं मान खाली घातली. पाटलाच्या कपाळाला घाम आला, कारण सरकारी जंगल जाळल्याचा गुन्हा लहान नव्हता. लिंबाजी बोलायला लागला, पण कडूबाई पुढं आली.

"गायरान पाटलांनी पेटवलं, साहेब. आदी सांगून, आपल्या हद्दीत पेटवलं. त्यात गुन्हा न्हाई. हितं पट्टा पंधरा हात पायजे हुता, म्या सहा हात ठिवला. तित्तराची अंडी हुती. चूक माझी हाय."

दारोगानं चष्मा काढून पुसला.

"हे लिहिलं तर चौकीदारावर येईल, बाई."

"ल्ह्या. पन बाकीचा पाऊण कोस पट्टा कुनी केला, ते बी ल्ह्या."

दारोगानं काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. दोन एकर गेलं, पट्टा एके ठिकाणी अरुंद होता, चौकीदारास ताकीद दिली, बाकीचा पट्टा हुकुमाप्रमाणे चौकीदाराच्या घरून तयार झाला. तिचं नाव त्यात नव्हतं. बायांची नावं लिहायला दफ्तरात जागा नाही, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला थोडी लाज वाटली. मग आवाज बदलून त्यानं सांगितलं की नोकरी राहील. पण दक्षिणेची बाजू अजून बाकी आहे, शेजारचं गाव चैत्रात धसकटं जाळतं. आठ दिवसांत ती व्हायला हवी. माणसं मिळणार नाहीत.

"हुईल," कडूबाई म्हणाली.

पाटलानं पंचनाम्यावर सही केली. जाताना तो तिच्यासमोरून गेला. थांबला नाही, पण त्यानं या खेपेला तिच्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच दक्षिणेच्या हद्दीवर गेली. भाजलेल्या हाताला म्हातारीनं कोरफडीचा गर लावून पान बांधलं होतं. त्या हातात विळा धरता येत नव्हता, म्हणून तिनं तो डाव्या हातात घेतला होता. डाव्या हातानं कापायची सवय नव्हती. पहिल्या वावभर जागेत गवत अर्धंच तुटत होतं, अर्धं वाकून पुन्हा उभं राहत होतं. ती परत परत त्याच मुठीवर येत होती.

मागं पाचोळा वाजला म्हणून तिनं बघितलं. मुंजाजी उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात विळा. आज तो पाटलाच्या कामावर नव्हता, किंवा सांगून आला होता, किंवा न सांगता. तिनं विचारलं नाही. तो पट्ट्याकडं बघत होता, तिच्याकडं नाही.

"वैनी, कुठून धरू?"

कडूबाईनं कंबर सरळ केली. दुरून, येलदरी गावाच्या अंगाला, पूर्णेच्या वळणावर ऊन पडायला लागलं होतं. दगडापासून पुढं तिनं पंधरा हात पावलांनी मोजले आणि शेवटच्या पावलावर टाच रोवून खूण केली.

"हितून तितपर. बुडापासून काप, भावजी. मधी काय बी आलं तरी सोडायचं न्हाई. पाखरू दिसलं तर मला हाक मार, मी अंडी उचलून आत गवतात न्हिऊन ठिवते. बसलं तर बसलं पाखरू. पन पट्टा अरुंद करायचा न्हाई."

त्यानं घोंगडी झुडपावर टाकली आणि वाकला. ती दुसऱ्या टोकाला गेली. दोघं समोरासमोरून कापत एकमेकांकडं सरकू लागली.